टेबलटॉपचा प्लॅटफॉर्म ओपन सोर्स करावा का? आधी वर्गणीदार कशाचे पैसे देतात ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तसा आधी मांडतो, कुठे चुकलो तर सांगा. तुम्ही आणि तुमचा मित्र मेहकरजवळून टेबलटॉप रोलप्ले खेळांचा (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात) मराठी प्लॅटफॉर्म चालवता. नकाशा, सोंगट्या, फासे, पात्रांची पत्रकं, सगळं ब्राउझरमध्ये. महिन्याला १४९ रुपये, साधारण ४०० वर्गणीदार. त्यातले दहा-बारा जुने खेळाडू मागे लागलेत की कोड खुला करा, म्हणजे ओपन सोर्स, कुणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा. भागीदार म्हणतो, "कोड वाटून बसलो त उद्या धंद्याले कुलूप." आणि तुम्हाला दोघांचंही पटतंय.

मी गेम बनवणारा नाही. राळेगाव तालुक्यात बसून सॉफ्टवेअर लिहितो, त्याआधी अकरा वर्षं पुण्यात होतो. जिनिंगच्या वजनकाट्याचं एक सॉफ्टवेअर मी महिन्याच्या भाड्यावर देत होतो आणि सहा वर्षांपूर्वी त्याचा कोड खुला केला. त्यात काही कमावलं, काही गमावलं. शनिवारी रात्री भाच्यांसोबत ऑनलाइन टेबलटॉप खेळतो, म्हणून तुमच्या बाजूचीही थोडी जाण आहे.

आधी एक बाजूला काढू. "कोड खुला करा" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कोड नकोच असतो. माझ्याकडे एक जिनिंगवाले शेठ होते. दर हंगामात, दसऱ्याच्या आसपास, एकच प्रश्न विचारायचे, "तू उद्या पुण्याले पयून गेला त माया काट्याचं काय?" मी त्यांना सोर्स कोडची सीडी द्यायला निघालो, तर म्हणाले, "हे घेऊन मी काय करू, लोणचं घालू?" त्यांना हवी होती पाच वर्षांच्या काटापट्ट्यांची नोंद. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ कापूस, तारीख, हे सगळं त्यांच्या मुनिमाला एक्सेलमध्ये उघडता यावं, बस. ती सोय केली आणि तो प्रश्न कायमचा बंद झाला.

तुमच्या दहा-बारा खेळाडूंचं मला तसंच वाटतं. दोन-तीन वर्षं चाललेली एक मोहीम, त्यातली पात्रं, हाताने रंगवलेले नकाशे, प्रत्येक रात्रीच्या नोंदी तुमच्या सर्व्हरवर पडून आहेत. तुम्ही दुकान बंद केलं, किंवा चिडून दर दुप्पट केले, तर ते सगळं गेलं. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय एक्सपोर्टचं बटण आहे. लायसन्स हा फार पुढचा विषय. म्हणून पहिलं काम हे करा की त्या लोकांना फोन लावा आणि सरळ विचारा, कोड मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्ही त्याचं काय कराल? जो म्हणेल, "मी माझ्या सर्व्हरवर चालवीन" किंवा "मला अमुक खेळाचं पत्रक जोडायचंय", त्याला खरंच कोड हवाय. जो म्हणेल, "असावा आपल्याजवळ", त्याला बॅकअप हवाय.

आता दुसरी बाजू, तुमचे ४०० लोक १४९ रुपये नेमके कशाचे देतात? कोडचे देत असतील, तर कोड फुकट झाल्यावर ते जातील आणि भागीदाराचं म्हणणं खरं ठरेल. पण आपल्या भागातला खेळाडू डोळ्यांसमोर आणा. घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलचा डेटा. मोबाइल कंपन्या इंटरनेटवरचा (आयपीव्ही४ चा) एकच सार्वजनिक पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटून देतात. म्हणजे त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालू केला तरी बाहेरचा मित्र तिथपर्यंत पोचत नाही, कारण पोर्ट उघडायला राउटर त्याच्या हातात नाही. टनेल वगैरे जुगाड आहेत, मी वापरतो, पण ऐन लढाईच्या वेळी संध्याकाळी लाइट गेली की टनेलही गेला आणि सर्व्हरही. भाच्यांच्या मोहिमेत असं दोनदा झालं. राक्षसाचा शेवटचा फासा टाकला आणि पडद्यावर गोल चकरी फिरत राहिली. मोठा भाचा म्हणाला, "मामा, आपण पैसेवाल्यावरच खेळू न." त्याला पैसेवाला प्लॅटफॉर्म म्हणायचं होतं.

हे लोक तुम्हाला सर्व्हर चालू ठेवण्याचे, बॅकअप घेण्याचे, रात्री साडेदहाला काही अडलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देण्याचे पैसे देतात. कोड उघडा केल्याने ती गोष्ट कुणाला फुकट मिळत नाही. जगात या हिशेबावर चालणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडचं ठळक उदाहरण मुंबईच्या फ्रॅपेचं. त्यांचं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, जीपीएल लायसन्सखाली (कोड बदलून वाटणाऱ्याने बदलही खुले ठेवायचे) पूर्ण खुलं आहे, कुणीही उतरवून चालवू शकतो, आणि तरी कंपनी स्वतःच्या क्लाउडवर ते चालवून देण्याचे पैसे घेते. वर्डप्रेसचं तेच. बुद्धिबळाची साइट लिचेस तर २०१० पासून चालू आहे, कोड एजीपीएल या जीपीएलच्याच जास्त कडक भावाखाली खुला, ना जाहिरात ना वर्गणी, फक्त देणग्या. पण लिचेसकडे बघून लगेच हुरळू नका. बुद्धिबळाचे नियम कुणाच्या मालकीचे नाहीत आणि जगभर कोट्यवधी लोक तो खेळतात. मराठीतून रोलप्ले खेळणारे ४०० लोक देणगीवर दोन घरं चालवतील, हे मला जमेसारखं वाटत नाही.

तुमच्याच धंद्यातली मंडळी काय करतात ते बघा. रोल२० २०१२ पासून वर्गणीवर आहे. प्लॅटफॉर्म बंद, पण पात्रपत्रकं आणि स्क्रिप्टांचे संग्रह गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुले, त्यात खेळाडूच भर घालतात. फाउंड्री २०२० मध्ये आलं. त्याचं लायसन्स एकदाच विकत घ्यायचं, तेही फक्त खेळ चालवणाऱ्याने. मूळ सॉफ्टवेअर मालकीचं, पण त्यावरच्या खेळपद्धती आणि मॉड्यूल ढिगाने, बरीचशी खुली. मॅपटूल हे एजीपीएलखाली पूर्ण खुलं, स्वयंसेवकांवर चालणारं. ते भरपूर काही करतं, पण नवख्या माणसाला बसवायला अवघड, कारण कुणाचं पोट त्या सोपेपणावर अवलंबून नाही. (मॅपटूलवाल्यांनी रागावू नये, मी स्वतः ते वापरलंय.) बोर्डगेम अरेनाचा मार्ग आणखी वेगळा. गाभा त्यांच्याकडे, पण खेळ बनवायचा स्टुडिओ बाहेरच्यांना मोकळा. बरेचसे खेळ बाहेरच्या हौशी लोकांनीच रचलेत. कंपनी २०२१ मध्ये अस्मोदे या बोर्डगेमच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली.

तुम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण आउलबेअर रोडिओचं. दोन माणसांनी बांधलेलं, तुमच्यासारखंच. २०२३ मध्ये त्यांनी नवी आवृत्ती वर्गणीवर आणली आणि जुन्या आवृत्तीचा कोड लोकांना दिला, पण फक्त वैयक्तिक वापरासाठी, धंद्यासाठी नाही. काटेकोर बोलायचं तर ते ओपन सोर्स नव्हे. ओपन सोर्सच्या व्याख्येत कोड कोणत्या कामाला वापरायचा यावर बंधन घालता येत नाही. पण जुन्या गिऱ्हाइकाची "माझं काय होणार" ही काळजी त्याने मिटते.

व्याख्येतली ती अट सहज सोडून देऊ नका. तुम्ही कोड खरोखर ओपन सोर्स केला, तर उद्या कुणी तोच कोड उचलून त्यात पैसे लावायची सोय जोडली, तरी लायसन्सच्या जोरावर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. प्रवेशासाठी वर्गणी घेणं चालतं, ती डाव लावल्यासारखी नसावी एवढंच. म्हणजे तुम्ही आज कायद्यात बसता, पण तुमच्याच नावाने कुणी जुगार चालवला तर पहिला फोन तुम्हाला येईल. म्हणून कोड उघडायच्या आधी नावाचा ट्रेडमार्क अर्ज करा. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. कोड कुणीही न्यावा, नाव आणि चिन्ह नेऊ नये.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुम्ही टाळू शकता. मी कोड खुला केला तेव्हा एमआयटी लायसन्स लावलं. छोटं होतं, वाचायला सोपं होतं, खरं कारण तेवढंच. दोन हंगामांत शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने नाव बदललं, रंग हिरव्याचा निळा केला आणि माझ्या निम्म्या भाड्यात तेच विकायला लागला. बेकायदेशीर काहीच नव्हतं. एमआयटीमध्ये मूळ सूचना कायम ठेवली की झालं, बाकी सगळ्याची परवानगी मीच दिली होती. माझी सात गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. पुढे ऐन डिसेंबरात, कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना, एका काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारा डबा, बदलला. नवा इंडिकेटर सिरीयल पोर्टवर वजनाचे आकडे वेगळ्या क्रमाने पाठवायचा, त्यामुळे पडद्यावर ३२ क्विंटलची गाडी २३० क्विंटल दिसत होती. त्या भावाला ते सुधारता येईना. रात्री अकराला मला फोन आला. मी गेलो, दीड तासात जमलं, शेतकऱ्यांनीच चहा पाजला. सातपैकी तीन जण परत आले. चार अजून त्याच्याकडेच आहेत आणि खुश आहेत. सगळे परत आले असं सांगितलं तर ते खोटं होईल.

एजीपीएल असतं तर काय झालं असतं? त्याने तेच केलं असतं, पण केलेले बदल त्याच्या गिऱ्हाइकांना उघडे ठेवावे लागले असते. साध्या जीपीएलमध्ये सर्व्हरवर चालवून फक्त सेवा देणारा सुटतो, कारण तो कोड "वाटत" नाही. २००७ च्या एजीपीएलने नेमकी ती पळवाट बुजवली. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही बदललेला कोड मागायचा हक्क मिळतो. तुमचा प्लॅटफॉर्म ब्राउझरमधला आहे, त्यामुळे पूर्ण उघडायचं ठरलंच तर माझं मत एजीपीएलला. एमआयटी फक्त अशा तुकड्यांना लावा जे जगाने भरभरून वापरावेत असं तुम्हाला वाटतं.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. कोड टाकला तो गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) सगळ्या इतिहासासकट. त्याच्याही तीन वर्षं आधीच्या एका कमिटमध्ये, म्हणजे नोंदीत, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची गुप्त चावी लिहिलेली होती. नंतर मी ती ओळ काढली होती, पण इतिहासातून काही जात नाही. अशा चाव्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात. सकाळी उठलो तर खात्यातले सगळे एसएमएस संपलेले आणि कुठल्यातरी कर्जाच्या जाहिराती माझ्या नावाने गेलेल्या. तुमच्याकडे तर पेमेंटच्या चाव्या असणार. जुना इतिहास सोडून द्या, स्वच्छ नवी रिपॉझिटरी (कोडचं कोठार) काढा आणि सगळ्या चाव्या आधीच बदला.

तिसरं, चूक नाही, निरीक्षण. खुलं केल्यावर लोक येऊन काम करतील, ही आशा मलाही होती. आले, पण कुठे? अमरावतीच्या एका कॉलेजच्या पोराने त्याच्या काकांकडच्या इंडिकेटरचा सपोर्ट जोडून पाठवला, एकदम सुबक. अशी सहा-सात कामं आली. हिशेबाच्या गाभ्याला सहा वर्षांत कुणी हात लावला नाही. माणूस स्वतःला टोचतं तेवढंच दुरुस्त करतो, आणि त्यात वावगं काही नाही. तुमच्याकडेही कुणी तुमचं वर्गणीचं मॉड्यूल सुधारून देणार नाही. पण अष्टचंगाचा पट, वाघबकरीच्या सोंगट्या, देवनागरीत नीट छापलं जाणारं पात्रपत्रक, कवड्यांच्या दानाचा फासा, हे लोक हौसेने करतील. म्हणून तुमच्या घराचा ओटा आधी मोकळा करा, माजघर नंतर बघू.

ओटा म्हणजे नेमकं काय, तर पत्रकांचे साचे, फाशांचं गणित, नकाशा आणि मोहीम साठवायच्या फाइलची रचना, आणि बाहेरून मॉड्यूल जोडायची सोय. फाशांचा कोड तर उघडाच असायला हवा. सलग तीनदा एकचा आकडा पडला की खेळाडूला वाटतं, सर्व्हर आपल्यावर खुन्नस काढतोय. कोड समोर असला की निदान भांडण नशिबाशी होतं, तुमच्याशी नाही.

इथे एक वेगळी गोष्ट तपासा, जी प्रोग्रामर विसरतात. कोड तुमचा असेल, पण आतला माल? विकत घेतलेली चित्रं, नकाशांच्या फरशा, फॉन्ट, आवाज, हे सगळं तुम्ही वाटू शकत नाही. १९९३ च्या डूम गेमचा कोड १९९७ मध्ये लोकांना दिला तेव्हाही चित्रं, आवाज आणि नकाशे त्यात नव्हते. नियमांचंही तसंच. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जुनं खुलं लायसन्स बदलायचा घाट घातला, खेळाडू खवळले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी ५.१ चा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडावा लागला. तो श्रेय देऊन वापरता येतो. पण त्यांच्या पुस्तकातलं बाकी काही तुमच्या डेटाबेसमध्ये मराठीत उतरवलेलं असेल, तर ते आधी बाहेर काढा. बंद सर्व्हरवर ते कुणाच्या डोळ्यात भरत नाही, खुल्या कोडमध्ये लगेच भरतं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. तुमच्यापैकी एक जण पुढच्या वर्षी नोकरीला जाणार असेल आणि प्लॅटफॉर्म तसाही अर्धवट चालणार असेल, तर उलट लवकर उघडा, म्हणजे तो जगेल तरी. हेच तुमचं पोट असेल, तर घाई नको. आज ४०० गुणिले १४९ म्हणजे ५९,६०० रुपये, त्यातून सर्व्हर आणि पेमेंटवाल्याचा वाटा वजा. दोन घरांना ते जेमतेम आहे. आणि हेही बघा की गळती कोडमुळे आहे की दुसऱ्याच कशाने. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कपातीचे नियम कडक झाले. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना जाते, आणि पुष्कळ लोक ती सूचना बघूनच वर्गणी थांबवतात. माझी दोन गिऱ्हाइकं अशीच गेली होती, आणि मी कोडला दोष देत बसलो होतो. वर्षाची वर्गणी एकदम घेणं, तीही खेळाच्या सुट्ट्यांत, दिवाळी आणि मे महिन्यात, हा मला जास्त फायद्याचा उपाय ठरला.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही. एकदा दिलेलं लायसन्स त्या आवृत्तीपुरतं परत घेता येत नाही. पुढच्या आवृत्त्या बंद करू शकता, पण मग काय होतं ते २०२३ मध्ये दिसलं. हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या खुल्या साधनाचं लायसन्स ऑगस्टमध्ये बदलून बंधनं घातली, आणि काही आठवड्यांत लोकांनी शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू उभं केलं, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. एवढी मोठी कंपनी असून. त्यात बाहेरच्या लोकांचा कोड घेतला असेल तर लायसन्स बदलायला त्यांचीही परवानगी लागते, म्हणून पहिला बाहेरचा बदल स्वीकारण्याआधीच हक्कांचा करार लिहून ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात एक्सपोर्ट केला असता. एक झिप फाइल, आत पात्रं आणि नोंदी जेसन या साध्या मजकुराच्या फाइलीत, नकाशे पीएनजीमध्ये, आणि मराठीत एक पानभर माहिती. मग ओटा एमआयटीखाली उघडला असता. आणि वेबसाइटवर लेखी वचन दिलं असतं की सेवा सलग ९० दिवस बंद राहिली किंवा आम्ही ती बंद केली, तर सर्व्हरचा पूर्ण कोड एजीपीएलखाली खुला होईल. तो कोड आजच एखाद्या वकिलाकडे किंवा तिसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवायचा, दर तीन महिन्यांनी नवा. मी आता जिनिंगवाल्यांसाठी हेच करतो, आणि आमच्या शेठला सोर्स कोडपेक्षा वकिलाचा कागद जास्त आवडला. वर्षभराने ओट्यावर खरंच माणसं जमली, बाहेरून पंधरा-वीस चांगली कामं आली, तर गाभा उघडायचा विचार करा. तेव्हा निधीसाठी झिरोधाच्या फ्लॉस फंडाकडेही अर्ज करता येईल. २०२४ मध्ये त्यांनी खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं होतं. मात्र तिथे आधी उघडलेला आणि वापरात असलेला कोड दाखवावा लागतो, नुसता बेत चालत नाही.

भागीदाराला हे सगळं वाचून दाखवू नका, तो वैतागेल. त्याच्यासमोर एक्सपोर्ट करा, ती झिप तुमच्या सर्व्हरशिवाय दुसऱ्या लॅपटॉपवर उघडा, आणि त्याचंच पात्र त्यात नीट दिसतंय का ते बघा. आमच्याकडे पहिल्या वेळी सगळी जोडाक्षरं चौकोन झाली होती.